मुलांसोबत पाखरांचं दाणापाणी : सोलापूरच्या उन्हात टिकेल असं काय करावं?

ज्वारीची_लेक (जुळे सोलापूर)
१७ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

ऊन वाढायला लागलंय, परीक्षा तोंडावर आल्यात आणि आमच्या घरी सुट्टीचा बेत आत्ताच ठरलाय. गच्चीवर आणि बाल्कनीत पाखरांसाठी बर्ड फीडर करायचे. विकतचे नाहीत, मुलांच्या हातचे. थोरली तिसरीत आहे, धाकटा बालवाडीत. कात्री आणि रंग दिसले की दोघांना जेवणाची आठवण राहत नाही, त्यामुळे करायला हात भरपूर आहेत.

अडचण अशी की नेटवरचे सगळे व्हिडिओ एकाच वळणाचे. पाइनचं सुकं फळ घ्या, त्याला पीनट बटर फासा, दाण्यांत लोळवा, झाडाला टांगा. आपल्याकडे पाइन कुठला? आणि एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांत ते पीनट बटर जागेवर तरी राहील का? आपल्या घरात काय असतं तर करवंट्या, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे आणि ज्वारी-बाजरी. त्यातून काय करता येईल, कुठला दाणा घालावा, एवढ्या लहान मुलांना त्यातलं नेमकं काय जमतं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात पक्की आहे. एका दुपारची हस्तकला, चार फोटो आणि पुढच्या आठवड्यात दोरीला लोंबकळणारी रिकामी बाटली, एवढ्यावर हे संपायला नको. पाखरू एकदा यायला लागलं की रोज येतं. मुलांनीही ते रोजचं काम म्हणून अंगावर घ्यावं असं मला वाटतं.

---

शेळगीकर
१७ मार्च, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही दोन कार्यकर्ते तयार आहेत.

---

थंडीतला_सोलापूरकर (मिनेसोटा)
१८ मार्च, पहाटे ५:०३

ताई, तो पाइनवाला प्रकार मी राहतो तिथे अगदी योग्य आहे. इथे जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांवर जातो. जमीन बर्फाखाली, किडे गायब, दिवस लहान. चिकडी म्हणून एक इवलंसं पाखरू आहे, त्याला एवढी लांब रात्र काढायची तर अंगात चरबी लागते. म्हणून पीनट बटर, सूर्यफुलाच्या बिया आणि सूएट, म्हणजे गाईच्या चरबीच्या वड्या. माझी मुलं शाळेत हेच करतात.

पण उन्हाळा आला की इथलेही लोक त्या वड्या काढून ठेवतात. चरबी वितळते, खवट होते आणि पाखरांच्या पिसांना लागते. चिकट झालेलं पीस ना उडायला कामाचं, ना ऊबेला. सोलापूरच्या उन्हात तर विचारच करू नका. बाजारातल्या पीनट बटरमध्ये मीठ-साखर असते ते वेगळंच.

इथली कड थंडीची, आपल्याकडची उन्हाची. साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरी आजी उन्हाळाभर ओसरीच्या कोपऱ्यात परळ भरून ठेवायची. त्यात दाणे नसत, पाणी असे. त्याच्यापासून सुरुवात करा.

---

माळरान
१८ मार्च, सकाळी ८:२०

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आधी पाणी, मग दाणा.

दाणे टिपणाऱ्या पाखरांना पाणी जास्त लागतं, कारण कोरड्या दाण्यातून ओलावा मिळत नाही. फळं आणि अळ्या खाणाऱ्यांचं त्या मानाने भागतं. शिवाय पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडी टाकून धापतात, त्या वाटेने अंगातलं पाणी उडतं आणि शरीर निवतं. दुपारी तारेवर कावळा चोच वासून बसलेला दिसतो तो त्यामुळेच. मुलांना आधी हे दाखवा. एकदा त्यांनी ते पाहिलं की परळीत पाणी घाला असं सांगावं लागत नाही.

भांडं मातीचंच घ्या. कुंभाराकडे पसरट परळ मिळते ती उत्तम. खोली दोन इंचांच्या वर नको, चिमणीला आत उभं राहून अंघोळ करता यायला हवी. भांडं खोलगट असेल तर मधे एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे पाय टेकायला जागा होते आणि चुकून पडलेली खारही बाहेर येते. स्टील आणि ॲल्युमिनियम उन्हात तापतं, ते नको. परळ सावलीत ठेवा, झाडाच्या जवळ पण झुडपाला खेटून नाही, कारण मांजर झुडपातच दबा धरून बसतं. पाणी रोज बदलायचं. नळाला रोज पाणी येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एका परळीला तांब्याभर पुरतं आणि कालचं उरलेलं कुंडीतल्या झाडाला जातं. रोज बदललं की डासांच्या अळ्यांनाही वाव राहत नाही.

फीडर टांगताना खिडकीची काच बघा. एक तर काचेपासून हातभर अंतरावर टांगा, नाही तर चांगला ३० फूट लांब. मधल्या अंतरावरून पाखरू वेगात उडतं आणि काचेतलं आकाश खरं समजून धडकतं.

तुमच्या भागात चिमण्या, होले, साळुंक्या आणि लालबुड्या बुलबुल नक्की येतील. आसपास मोकळे प्लॉट आणि गवत असेल तर पांढऱ्या गळ्याच्या मुनियाही. त्या फारच लहान असतात, राळ्यावर तुटून पडतात. भोरड्यांची वाट बघू नका. ज्वारीवर येणारे त्यांचे थवे आता परतीच्या वाटेवर असतात.

---

अण्णा_पूर्वभाग
१८ मार्च, दुपारी २:१५

लेकी, तुझा धागा नातवाने वाचून दाखवला, उत्तर पण तोच टाइप करतोय.

सगळ्यात सोपा फीडर सांगतो, ज्याला करायला काहीच लागत नाही. ज्वारीची कणसं. गावाकडं देवळाच्या सभामंडपात कणसांची जुडी टांगायची रीत होती, चिमण्या लोंबकळून खायच्या. आत्ता सुगीच चालू आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडनं मळणीच्या आधीची पाच-दहा कणसं देठासकट माग, कोणी नाही म्हणणार नाही. मालदांडीचं कणीस भरलेलं असतं, एक जुडी बरेच दिवस पुरते. आणि चिमणीला दाणा उपटून काढायला लागतो, त्यात तिची चोच आणि पाय दोन्हीला काम मिळतं. ताटलीतला दाणा ती उभ्या उभ्या टिपते, कणसावर कसरत करते. पोरं तासभर बघत बसतात.

आमच्या इकडं टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सुताचे रिकामे प्लास्टिकचे कोन पडलेले असतात. त्या कोनात कणसांचे देठ गच्च कोंबायचे, कणसं खाली तोंड करून राहतात, कोनाला वरनं काथ्या बांधायचा. झालं. बालवाडीतल्या पोराला पण जमतंय बघ.

पण एक हात जोडून सांगतो. सूत वापरू नका. मी हयात मागावर काढली. बारीक सुताचा तुकडा पाखराच्या पायात गुंतला की ते जितकं ओढतं तितका आवळतो, मग बोटं सुकून गळतात. कारखान्यांच्या आसपासच्या पारव्यांचे पाय बघा, कितींना बोटं पुरी नाहीत. बांधायला जाड काथ्या नाही तर सुंभ घ्या, गाठीपुढचं लोंबतं टोक कापून टाका. संक्रांतीचा नायलॉन मांजा झाडावर कुठं लटकत दिसला तर पोरांना लांब ठेवून आपण काढून टाका.

---

ज्वारीची_लेक
१८ मार्च, रात्री ९:३०

अण्णा, नमस्कार सांगते. कणसांचं डोक्यातच आलं नव्हतं, माहेरी मंगळवेढ्याला फोन झालासुद्धा. आईने जुडी बाजूला काढून ठेवली आहे.

माळरान, परळीची जागा उद्या मुलांकडूनच ठरवून घेते. दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन सावली कुठे कुठे सरकते याच्या खडूने खुणा करायच्या, असं थोरलीने सुचवलंय.

---

दुसरा_मजला
१९ मार्च, सकाळी ७:५५

विरोधासाठी लिहीत नाही, पण ही बाजूही धाग्यात यायला हवी. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रोज मूठ-मूठ धान्य कठड्यावर टाकलं जातं. चिमणी एकही येत नाही, पारवे मात्र पन्नास. एसीच्या मागे घरटी, वाळत घातलेल्या कपड्यांवर विष्ठा. माझ्या आईला श्वासाचा त्रास आहे, तिची खिडकी आम्हाला वर्षभर बंद ठेवावी लागते. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढं रान उठलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मुलांच्या हौसेतून आणखी एक कबुतरखाना उभा राहू नये एवढीच विनंती.

---

गुरांची_डॉक्टर
१९ मार्च, दुपारी १:४०

दुसरा_मजला यांचं म्हणणं रास्त आहे आणि ते धाग्यात आलं हे चांगलं झालं. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी तर त्या धुळीपासून लांबच राहावं. विष्ठा कोरडी झाडायची नाही. पाणी शिंपडून, मास्क लावून, मोठ्या माणसानेच पुसून काढायची. मुलांना हे काम देऊ नका.

पण पारवे टाळून चिमण्यांना खायला घालता येतं. कठड्यावर, जमिनीवर, उघड्या ताटात दाणा पसरायचा नाही, कारण पारव्याला सपाट जागा हवी असते. लोंबकळणारा फीडर, बसायला बोटभर काठी, यावर चिमणी आणि मुनिया आरामात टिकतात, पारव्याचं जड अंग टिकत नाही. ताटलीच हवी असेल तर तिच्याभोवती दीड इंची चौकोनांच्या वेल्डमेश जाळीचा पिंजरा करा. चिमणी आत जाते, पारवा बाहेर राहतो. मका, गहू, हरभरा घालू नका. आणि दाणा मोजून घाला, सकाळी घातलेला दुपारपर्यंत संपला पाहिजे. संध्याकाळी उरलेला दाणा दिसला तर उद्या कमी घालायचा. उरलेल्या दाण्यावर रात्री उंदीर-घुशी येतात.

दाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे नकळत जीव जातात.

पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही, अगदी मूठभरसुद्धा घालू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी किंवा निळसर रंग दिसतो. तो धुऊन जात नाही. साठवणीच्या धान्याला बोरिक पावडर लावली असेल तर तेही नको. त्यापेक्षा वेगळी किलोभर बाजरी आणि राळा आणा. तांदळाची कणी कच्चीच चालते. ज्वारी अख्खी चालते, थोडी भरडून दिली तर चिमण्यांना सोपं जातं. शेव, फरसाण, बिस्किटं, ब्रेड, मिठाची चपाती, आणि आपली शेंगाचटणी तर मुळीच नाही. मीठ पाखरांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

आठवड्यातून एकदा फीडर आणि परळ दोन्ही धुवा. परळीला उकळतं पाणी आणि घासणी. प्लास्टिकला एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून खळखळून धुवायचं. मग पूर्ण वाळेपर्यंत उन्हात, ओलसर भांड्यात दाणा भरायचा नाही. होल्या-पारव्यांत घशाचा एक संसर्गजन्य रोग असतो, पाखरू पिसं फुगवून बसतं, दाणा उचलतं पण गिळू शकत नाही. असं दिसलं तर दोन आठवडे दाणापाणी पूर्ण बंद करायचं, म्हणजे गर्दी पांगते आणि रोग पसरत नाही. मेलेलं पाखरू मुलांनी हात लावून उचलायचं नाही. २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे बर्ड फ्लू आला होता हे लक्षात ठेवा. एकाच वेळी अनेक पाखरं मेलेली दिसली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवीही फीडर हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

---

खडू_फळा (मोहोळ तालुका)
१९ मार्च, रात्री ८:१०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. चौथीच्या वर्गासोबत दरवर्षी हे करतो, म्हणून मुलांचे हात कुठे पोचतात ते सांगू शकेन.

बाटलीचा फीडर. एक लिटरची पाण्याची बाटली आणि दोन लांब दांड्याचे लाकडी चमचे. तळापासून चार बोटं वर आरपार दोन भोकं पाडायची, एक दांड्यापुरतं, समोरचं त्याहून जरा मोठं. दांडा मोठ्या भोकातून आत घालून लहान भोकातून बाहेर काढायचा, चमच्याची वाटी मोठ्या भोकाबाहेर राहते. दाणे ओघळून वाटीत येतात, पाखरू दांड्यावर नाही तर वाटीच्या कडेवर बसून टिपतं. वाटी किंचित खाली झुकलेली हवी. वाटीच्या वर ज्वारीचे दोन दाणे एकदम निघतील एवढीच फट ठेवा, जास्त ठेवली तर सगळं भसाभस खाली सांडतं आणि मग खाली पारवे जमतात. दुसरा चमचा थोडा वर, आडव्या दिशेने. तळाला सुईने पाच-सहा छिद्रं, आत पाणी गेलं तर निघून जायला. झाकण घट्ट लावायचं.

भोकं पाडायला तापवलेलं दाभण लागतं, ते काम मोठ्यांचं. कटरने कापलेली कड धारदार राहते आणि बाटली मुलाच्या हातात घसरते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला बाजूने खिडक्या कापून, ते पत्रे बाहेर वाकवून छान फीडर होतात, पण पत्रा कापणं आणि कड दुमडून ठोकून बोथट करणं हे पूर्ण मोठ्यांनीच करावं, आणि डबा कायम सावलीत टांगावा. मुलांना द्यायला करवंटी सर्वांत चांगली. तीन भोकं, तीन काथ्याच्या दोऱ्या, तळाला एक बारीक छिद्र. काचपेपरने घासण्यात बालवाडीतली मुलंही रमतात. रंगाचा आग्रह धरलाच तर बाहेरून गेरू. ऑइलपेंट, चकाकी, थर्माकोल काही नको. पाखरू चोचीने सगळं टोकरून बघतं.

आमच्या गावात एक प्रश्न दरवर्षी पालक विचारतात. ज्वारी दुधात असते तेव्हा हीच मुलं माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखतात, आणि तुम्ही शाळेत त्याच पाखरांना दाणे घालायला शिकवता? मला हा प्रश्न मनापासून आवडतो. ज्याच्या पिकाचं नुकसान होतं त्याला तो विचारायचा हक्कच आहे. मी एवढंच सांगतो की राखण करू नका असं मी म्हणत नाही. पीक राखायचंच. पण चिमणीची पिल्लं घरट्यात असतात तेव्हा ती त्यांना दाणा भरवत नाही, अळ्या आणि किडे भरवते, त्याही आपल्याच शेतातल्या. आणि सुगी झाली, रान उघडं पडलं, विहिरी तळाला गेल्या की तिला टिपायला आणि प्यायला काही उरत नाही. पीक असताना राखण आणि रान मोकळं झाल्यावर पाणी, यात मुलांना कधी विसंगती वाटलेली मी पाहिलेली नाही. एका पालकांनी मागच्या वर्षी स्वतःहून बांधावरच्या लिंबाखाली हौद बांधला.

आणखी एक. वही ठेवा. तारीख, वेळ, कोण आलं, काय खाल्लं, कोणाशी भांडलं. नर चिमणा गळ्याखाली काळा असतो, मादी साधी मातकट, हा फरक मुलं एका दिवसात ओळखतात, नंतर त्यांच्या नजरेला इतर गोष्टी दिसायला लागतात. मोठी झाली की फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भाग घेता येतो, एका जागी किमान १५ मिनिटं थांबून दिसेल ते मोजायचं आणि ई-बर्डवर नोंदवायचं. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ सालिम अलींच्या. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे, इथेच जन्मले आणि २०२५ मध्ये इथेच गेले, हे माझ्या प्रत्येक वर्गाला मी सांगतोच.

---

शेळगीकर
२० मार्च, सकाळी ९:०५

आज जागतिक चिमणी दिन, धागा वर आणतो. आमच्या धाकट्याचा प्रश्न : माळढोक येईल का आपल्या फीडरवर? नान्नजला नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

---

माळरान
२० मार्च, रात्री १०:३०

त्याला सांगा की प्रश्न एकदम चांगला आहे. माळढोक येणार नाही. त्याला उघडं गवताळ माळरान लागतं, टोळ, भुंगे, सरडे, थोडं धान्य असं तो चालत चालत टिपतो आणि माणूस लांबून दिसला तरी सरकतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठीच झालं, तरी आज तिथे तो दिसणं किती अवघड झालंय हे तुम्ही पाहिलंच. त्याच्यासाठी करायचं काम म्हणजे माळ राखणं.

यावरून मुलांना एक मोठी गोष्ट समजावता येते. सगळी पाखरं दाणा खात नाहीत. वेडा राघू आणि कोतवाल उडते किडे पकडतात, चिरक जमिनीवरचे. आपला राज्यपक्षी हरियल वड-पिंपळ-उंबराची फळं खातो. शिंजीर फुलातला मध पितो, त्याच्यासाठी साखरेचं पाणी ठेवू नका, आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं. जास्वंद लावा, तो आपोआप येतो. बुलबुलाला पपईची किंवा केळ्याची फोड एका खिळ्यावर टोचून ठेवली तरी पुरे, संध्याकाळी काढून टाकायची.

खडू_फळा सरांनी पिल्लांचं लिहिलंच आहे. म्हणून गच्चीवरच्या कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नका. एकीकडे दाणे ठेवायचे आणि दुसरीकडे पिल्लांचं खाणं मारायचं, असं होतं.

अजून एक सोपं काम : एका घमेल्यात दोन इंच बारीक कोरडी माती. चिमण्या त्यात लोळून धुळीची अंघोळ करतात, पिसांतला तेलकटपणा आणि किडे जातात. मुलांना बघायला याहून मजेशीर काही नाही. मातीत राख किंवा चुना मिसळू नका.

---

ज्वारीची_लेक
२६ एप्रिल, सकाळी ११:२०

मंडळी, उशिरा लिहितेय पण काम चालू आहे.

दोन करवंट्या, एक बाटली, कोनातली कणसं आणि तीन परळी. सुरुवातीला काहीच घडलं नाही. धाकटा रोज सकाळी दार उघडून बघायचा आणि विचारायचा, त्यांना आवडलं नाही का? नवीन वस्तू आधी लांबून पारखणं हा त्यांचा स्वभाव आहे असं सांगत राहिलो आणि पाणी त्याच वेळी, त्याच जागी बदलत राहिलो. पहिला आला तो होला, पाण्यावर. मग साळुंक्या. चिमण्या सगळ्यात शेवटी, आणि त्या आधी कणसांवर आल्या, बाटलीला त्यांनी अजूनही फारसं जवळ केलेलं नाही. करवंटी खारीने ताब्यात घेतली आहे. थोरलीने वहीत तिला स्वतंत्र पान दिलंय.

पाणी धाकट्याचं, दाणा आणि वही थोरलीची, रविवारची धुलाई बाबांची. दाणा मोजायला एक छोटी वाटी ठरवली आहे. इमारतीच्या बैठकीत डॉक्टरांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. कठड्यावर धान्य टाकणाऱ्या आजोबांना जाळीचा पिंजरा करून दिला, त्यांनी तो आनंदाने घेतला. त्यांना पाखरांना घालायचंच होतं, पारव्यांनाच घालायचं असं काही नव्हतं. आता सकाळी ते आणि माझी मुलं एकाच वेळी गच्चीवर असतात.

---

दुसरा_मजला
२६ एप्रिल, दुपारी १२:०२

हे वाचून फार बरं वाटलं ताई. जाळीचं माप पाठवा, आमच्या वरच्या मजल्याशी बोलतो.

---

शेळगीकर
११ मे, दुपारी ३:४८

तातडीचं. अंगणात एक बुलबुल पडलाय, जिवंत आहे, चोच उघडी, उडत नाही. मुलं चमच्याने पाणी पाजायला निघालीत. काय करू?

---

गुरांची_डॉक्टर
११ मे, दुपारी ३:५६

चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर तिथेच संपेल. बुटांचा खोका घ्या, झाकणाला भोकं पाडा, आत सुती फडकं. पाखरू त्यात ठेवून खोका घरातल्या सर्वांत गार, शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात. एसी-कूलरचा झोत थेट नको. बाटलीच्या झाकणात थोडं पाणी आत ठेवा, प्यायचं तर ते स्वतः पिईल. सारखं उघडून बघू नका. तासा-दोन तासांनी ऊन उतरल्यावर खोका झाडाखाली नेऊन झाकण काढा. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर तसाच माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन जा.

---

शेळगीकर
११ मे, संध्याकाळी ६:४१

उडाला. लिंबावर जाऊन बसला. मुलांनी आत्ताच दुसरी परळ भरलीय. डॉक्टर, मनापासून आभार.

---

ज्वारीची_लेक
१२ जून, रात्री ९:१५

काल पहिला जोरदार पाऊस झाला. बाटलीतले दाणे भिजून फुगलेत. पावसाळ्यात हे सगळं चालू ठेवायचं की बंद?

---

माळरान
१३ जून, सकाळी ७:३०

भिजलेला दाणा आजच काढून टाका, बुरशी धरते आणि ती पाखरांना बाधते. पावसाळ्यात दाणा कमी करत न्या. एकदम बंद करू नका, आठवडाभरात हळूहळू. आता बाहेर गवताचं बी, किडे, लिंबोळ्या असं पुष्कळ मिळतं. परळ मात्र चालू ठेवा, पाऊस दडी मारतो तेव्हा सोलापुरात मे महिन्यासारखंच होतं. आणि सुट्टी संपली म्हणून वही बंद करू नका. विहिरीच्या कडेला किंवा ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरणींची विणकामं सुरू होतील, मुलांना एकदा न्या. घरटं विणतो तो नर, अर्धं झाल्यावर मादी येऊन पारखते, नापसंत पडलं तर तो दुसरं विणायला घेतो.

---

खडू_फळा
१४ जून, रात्री ८:४५

उद्यापासून शाळा. या वर्षी चौथीसोबत तिसरीलाही घेतोय. बाटल्या मुलं आणतील, परळीसाठी गावातल्या कुंभारकाकांनी शब्द दिलाय. अण्णा, तुमचे ते रिकामे कोन साधारण चाळीस मिळतील का? रब्बीची कणसं हाती येतील तेव्हा तयार असावेत.

---

अण्णा_पूर्वभाग
१४ जून, रात्री ९:२०

मिळतील की ओ सर. कारखान्यात बोललोय, बाजूला काढून ठेवलेत. मंगळवारी दुपारी चारनंतर या, येताना पोतं घेऊन या. सुताचे उरलेले धागे कोनाला चिकटलेले असतात, ते नातू आणि मी आधीच सोलून ठेवतो.